तीन समाधानी ग्राहक

हेल्पकाकांना आजवर लोकांनी पुष्कळ गोष्टी आणायला सांगितल्या होत्या. बायकोने दूध, साहेबांनी प्रिंटरची शाई, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर एकदा शिडी. पण ‘तीन वाक्यं घेऊन या’ असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे नव्या मॅडमनी सोमवारी सकाळी ते काम अंगावर टाकलं तेव्हा त्यांना ते फारच किरकोळ वाटलं. वाक्याला वजन नसतं, ते वाटेत सांडत नाही, आणि आणल्यावर ‘हे कसलं उचलून आणलंत?’ असं कुणी म्हणत नाही. यातला शेवटचा मुद्दा पुढे साफ चुकीचा ठरला.

हेल्पकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ज्या कंपनीत होते ती अकरा माणसांची कंपनी लाँड्रीवाल्यांसाठी ‘टाकटीप’ नावाचं सॉफ्टवेअर बनवायची. कुणाचा कुठला कपडा आला, कुठल्या दांडीवर लटकतोय, कधी मिळणार, हे सगळं त्यात भरलं की कपडा हरवत नाही, असा त्याचा लौकिक. दहा माणसं ते बनवायची, आणि ज्यांना ते चालवता यायचं नाही त्यांचे फोन अकरावे हेल्पकाका उचलायचे. खिडकीजवळची खुर्ची, करड्या रंगाचा फोन आणि वर्षाला एक याप्रमाणे चौदा वह्या, एवढा त्यांचा संसार. प्रत्येक फोन ते वहीत टिपून ठेवत. आणि प्रत्येक फोन संपवताना न चुकता म्हणत, “आता हे लिहून ठेवा हं, म्हणजे परत फोन करायला नको.” हे वाक्य त्यांना मनापासून आवडायचं. आपण माणसाला नुसती मदत केली नाही, शहाणं करून सोडलं, असं त्यांना वाटे.

नव्या मॅडम मार्केटिंगच्या. मोठ्या कंपनीतून आलेल्या, वय एकोणतीस, चालताना बुटांचा आवाज न करता धाक निर्माण करणाऱ्या. आल्या आठवड्यातच त्यांनी भिंतीवर एका काल्पनिक गिऱ्हाइकाचं चित्र लावलं होतं. वय चौतीस, धडाडीचा लाँड्री मालक, नव्या तंत्रज्ञानाची आवड. ‘आपण याच्याशी बोलतोय हे लक्षात ठेवायचं,’ असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. हेल्पकाकांनी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याचा फोन नंबर विचारला. वहीत बघायचा होता.

“काका, ग्राहकाची मुख्य वेदना कोणती?” मॅडमनी त्यांना एकदा विचारलं होतं.

“गुडघ्याची,” हेल्पकाका म्हणाले. “दिवसभर उभे असतात ना.”

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही.

तर वाक्यांचं असं होतं. पंधरा दिवसांनी लाँड्रीच्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. तिथे टाकटीपची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. मॅडमनी तिच्यासाठी एक संदेश तयार केला होता, आणि तो साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांकडून म्हणवून घेतला होता: ‘टाकटीप. आता कुणाला विचारायला नको.’ पण कंपनीने स्वतःची कितीही तारीफ केली तरी लोक ऐकत नाहीत, शेजाऱ्याने केली की ऐकतात, म्हणून तीन समाधानी ग्राहकांची तीन वाक्यं हवी होती. त्यांच्याच शब्दांत, प्रत्येकी दहा शब्दांच्या आत, हसऱ्या फोटोसकट आणि सही-शिक्क्याच्या संमतिपत्रासकट.

“ग्राहक तुम्हालाच ओळखतात, काका. तुमच्याशिवाय कोण करणार?” मॅडम म्हणाल्या.

हेल्पकाका त्या दिवशी घरी जिना चढून गेले ते दोन दोन पायऱ्या घेत.

तळमजल्यावर विमावाले राहायचे. चाळीस वर्षं लोकांना विमा विकून ते निवृत्त झाले होते, पण सल्ला द्यायचा धंदा चालूच होता. त्यांच्या आयुष्यात दोनच विषय होते: माल कसा विकावा, आणि त्यांचा हरवलेला शर्ट. निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला लिंबू रंगाचा शर्ट, दोन्ही खिशांना झाकणं, डाव्या खिशाचं बटण तुटलं म्हणून बायकोने लावलेलं मोठं तपकिरी बटण. जुन्या ऑफिसजवळच्या एका लाँड्रीवाल्याने तो आठ महिन्यांपूर्वी हरवला. ही हकिकत हेल्पकाकांनी इतक्या वेळा ऐकली होती की आता ते फक्त ‘अरेरे’ कुठे म्हणायचं तेवढंच लक्षात ठेवत.

“तीन वाक्यं ना? सोपं आहे,” विमावाले म्हणाले. “आधी माणसाला घाबरवायचं, मग धीर द्यायचा. माझा शर्ट हरवला तेव्हा...”

“अरेरे,” हेल्पकाका म्हणाले.

“पण तुमचा तो संदेश काय म्हणालात? कुणाला विचारायला नको?” विमावाल्यांनी चष्मा वर केला. “अहो, पण तुमच्या कंपनीत विचारायचं असलं की कुणाला विचारतात?”

“मला.”

“झालं तर मग,” विमावाले म्हणाले, आणि सहानुभूतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ते पूर्वी पॉलिसीचा शेवटचा हप्ता घेताना ठेवत असत.

उरलेला जिना हेल्पकाका एकेक पायरी चढले. बायको बँकेत काउंटरवर होती, माणसाचा चेहरा बघून तिला अर्ज कळायचा. तिने सगळं ऐकून घेतलं.

“अहो, उद्या सरळ विचारा ना मॅडमना.”

“विचारायचं काय त्यात? चौदा वर्षं आहे मी तिथे.”

“म्हणूनच विचारा.”

विचारलं. मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, हीच त्यांची अडचण होती. त्यांनी सांगितलं की नव्या आवृत्तीत पडद्यावरच मदतीची खिडकी असेल. ग्राहकाने प्रश्न टाइप करायचा, यंत्र उत्तर देणार. ते यंत्र हेल्पकाकांच्याच चौदा वह्या वाचून तयार होत होतं. “तुमचं ज्ञान वाया जाणार नाही, काका. आणि तुमच्यासाठी काहीतरी बघूच.” वह्या स्कॅन करून परत ठेवल्यात हे हेल्पकाकांना माहीत होतं. त्यांना वाटलं होतं, कंपनीला इतिहासाची आवड लागली.

वाईट वाटलं. दुसरा शब्द नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसासाठी ‘काहीतरी बघणं’ म्हणजे काय, हे पन्नाशी उलटलेल्या माणसालाच कळतं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि वर तो धोंडा आपणच तीन ठिकाणांहून उचलून आणायचा, असा एकूण मामला होता. पण सांगितलेलं काम करायचं नाही हे हेल्पकाकांना जमत नसे. शिवाय मनातून त्यांना खात्री होती की असा ग्राहक जगात नाहीच. टाकटीप घेतलंय आणि हेल्पकाकांना फोन केला नाही? अशक्य. त्यांनी तेराव्या आणि चौदाव्या वहीची सगळी पानं चाळली, आणि त्यांना धक्का बसला. तीन ग्राहक असे होते ज्यांनी दोन वर्षांत एकदाही फोन केला नव्हता.

पहिला ग्राहक भेटला तो एका गजबजलेल्या चौकातल्या दुकानात. जाडजूड, घामाघूम, अत्यंत प्रेमळ मालक. “या या काका! आवाजावरून ओळखलं,” म्हणाले. टाकटीप कसं चाललंय विचारलं तर म्हणाले, “उत्तम! काही म्हणजे काही त्रास नाही.” हेल्पकाकांची नजर संगणकावर गेली. त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घातलं होतं आणि कापडावर स्टार्चचे डबे रचले होते. शेजारी एक लांबलचक वही उघडी होती, आणि मालक बोलता बोलता तिच्यात कपडे लिहीत होते.

“हे... बंद आहे का?”

“दोन वर्षं झाली. पण तक्रार नाही हो! वहीचं कसं, वहीत नाही म्हणजे दुकानात नाही. भांडण मिटलं.”

“बंद का केलंत?”

वहीवाले एकदम गोरेमोरे झाले. “जाऊ द्या काका. तुम्हाला वाक्य हवंय ना? घ्या. ‘दोन वर्षांत एकदाही फोन करावा लागला नाही.’ चालेल?”

हेल्पकाकांनी वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. दहाच्या आत होतं. मॅडमनी स्वप्नात लिहिलं असतं तरी इतकं नेमकं लिहिलं नसतं. त्यांनी ते मुकाट्याने टिपून घेतलं आणि स्वतःला समजावलं की आपल्याला वाक्य आणायला सांगितलंय, संगणकावरचं कापड उचलायला नाही.

मग संमतिपत्र. ते चार पानांचं होतं आणि वकिलाने लिहिलेलं होतं. त्यात म्हटलं होतं की सही करणाऱ्याचा चेहरा व शब्द कंपनीला ‘विश्वात सर्वत्र, अनंत काळापर्यंत’ वापरता येतील.

“विश्वात सर्वत्र?” वहीवाले हबकले.

“सहीपुरतं आहे हो. वाचायची गरज नाही,” हेल्पकाका म्हणाले. हे वाक्यही पुढे त्यांच्या अंगावर यायचं होतं.

सही झाली. शिक्का मारला तर त्यावर आधीच्या मालकाचं नाव, कारण दुकानाबरोबर शिक्काही विकत घेतला होता. मॅडमनी फोनवरून सांगितलं, असा शिक्का चालणार नाही. शिक्केवाल्याने नवा शिक्का करायला जुन्या शिक्क्याचा ठसा आणि नव्या मालकाचं कागदपत्र मागितलं, आणि त्या कागदपत्रावर शिक्का हवा होता. यात तीन दिवस गेले. फोटोच्या वेळी आणखी एक अडचण आली. वहीवाल्यांच्या अंगात घामाने भिजलेला बनियन होता, आणि सहाशे इस्त्रीच्या कपड्यांच्या मालकाकडे स्वतःचा एकही इस्त्रीचा शर्ट नव्हता.

“थांबा, मागच्या दांडीवर बेवारशी कपडे आहेत,” ते म्हणाले, आणि बाहेर आले ते एकदम देखणे होऊन. हेल्पकाका फोटो काढण्यात गर्क होते. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की खालचे दात दिसता कामा नयेत, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष दातांवर होतं. शर्टाकडे त्यांनी पाहिलं, पण बघितलं नाही.

दुसरी ग्राहक एक विधवा बाई, दुकान एवढंसं. त्या टाकटीप खरोखर वापरत होत्या आणि झरझर वापरत होत्या. फोन का करत नव्हत्या ते आत शिरताच कळलं. भिंतीभर चिकटपट्टीने लावलेले कागद होते, आणि प्रत्येकावर ‘हेल्पकाका म्हणाले’ अशी सुरुवात. ‘हेल्पकाका म्हणाले: आधी बिल, मग छपाई.’ ‘हेल्पकाका म्हणाले: लाल चौकोन आला तर घाबरू नका.’ एका कोपऱ्यात तर ‘हेल्पकाका म्हणाले: जेवून घ्या, मग बघू’ असंही होतं. हेल्पकाकांना गहिवरून आलं. आपल्या बोलण्याचं असं देऊळ झालेलं बघायची त्यांना सवय नव्हती. बाईंनी वाक्य दिलं: “हेल्पकाका सांगतात तसं केलं की सगळं चालतं.”

तिसऱ्या ग्राहकाने मात्र त्यांना जमिनीवर आणलं. दुकान मोठं, मालक अबोल. “फोन करत नाही कसं? महिन्यातून दोनदा करतो,” मालक म्हणाले. “तुमच्याकडचा तो दुसरा माणूस फार चांगला आहे. तुम्ही फार प्रश्न विचारायचात. तो फक्त म्हणतो, बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा. होतं लगेच.” हेल्पकाकांनी त्यांच्याकडचा नंबर बघितला. एक आकडा चुकलेला होता. तिथल्या तिथे लावला, तर पलीकडे एक लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला. गेली दोन वर्षं कुणीतरी अडकलंय असं समजून तो धीर देत होता. चौदा वर्षांची विद्या आणि एका लिफ्टवाल्याची दोन वाक्यं यांत गिऱ्हाइकाला फरक कळला नव्हता. कळला होता तो लिफ्टवाल्याच्या बाजूने. मालकांचं वाक्य होतं: “यांचा माणूस अगदी शांत आहे.”

हेल्पकाकांनी तिन्ही वाक्यं मॅडमच्या टेबलावर ठेवली. पहिलं वाचून मॅडमनी टाळी वाजवली. दुसऱ्या वाक्यात त्यांनी कात्री चालवली, कारण संदेश होता ‘कुणाला विचारायला नको’, आणि त्यात मध्येच हा काका कोण? उरलं: ‘सगळं चालतं.’ तिसऱ्यातून माणूस काढल्यावर उरलं: ‘अगदी शांत.’

“शांत कोण?” हेल्पकाकांनी विचारलं.

“अनुभव,” मॅडम म्हणाल्या.

दोन वाक्यांत मिळून हेल्पकाका दोनदा होते आणि दोनदा कापले गेले होते, हे मात्र त्यांनी मोजलं. दुसऱ्यांदा म्हणजे खरं तर लिफ्टवाला होता, पण अपमान कंपनीच्या माणसाचा म्हणून तोही त्यांनी स्वतःकडेच घेतला.

प्रदर्शनाच्या दिवशी टाकटीपच्या गाळ्यावर दहा फुटी फलक लागला. वर संदेश, आणि खाली विश्वात सर्वत्र दिसेल एवढे वहीवाले, लिंबू रंगाच्या शर्टात हसताना. मॅडमनी त्यांना ‘समाधानी ग्राहक’ म्हणून प्रत्यक्षही बोलावलं होतं आणि ‘फोटोत आहात तसेच या’ असं सांगितलं होतं. ते तसेच आले, त्याच शर्टात, आणि फलकाखाली स्वतःचंच हसू धरून उभे राहिले. शेजारी मदतीच्या खिडकीचा पडदा चमकत होता. समोरच्या गाळ्यात इस्त्रीची यंत्रं फुसफुसत होती. चाळीस-पन्नास लाँड्रीवाले गुडघे चोळत फिरत होते. सगळं छान चाललं होतं, आणि हेल्पकाका कडेला उभे राहून, आपली शेवटच्या पंधरवड्याची नोकरी कशी डौलात संपतेय हे पाहत होते.

तेवढ्यात विमावाले आले. आपल्या सल्ल्याचं काय झालं ते बघायला पदरचं बसभाडं खर्चून आले होते. त्यांनी फलक पाहिला. चष्मा वर केला, खाली केला. मग ते फलकाच्या अगदी जवळ गेले आणि वहीवाल्यांच्या दहा फुटी डाव्या खिशावर बोट ठेवलं.

“हे बटण माझ्या बायकोने लावलंय.”

आठ महिने हेल्पकाकांनी ‘अरेरे’ म्हटलं होतं, पण कुठला लाँड्रीवाला ते एकदाही विचारलं नव्हतं. प्रश्न विचारण्यात ज्याची हयात गेली, त्याने नेमका हाच प्रश्न विचारला नव्हता.

“आणि हा तो चोर!” विमावाले म्हणाले, कारण आता त्यांना मूळ प्रतही दिसली होती.

“साहेब, वहीत नाही म्हणजे...” वहीवाल्यांच्या तोंडून सवयीने निघालं, आणि त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं.

गर्दी जमली. लाँड्रीवाल्यांना यंत्रांपेक्षा दुसऱ्या लाँड्रीवाल्याची फजिती पाहणं केव्हाही आवडतं. विमावाल्यांनी पाकिटातून आठ महिने जपलेली लाँड्रीची चिठ्ठी काढून सगळ्यांना दाखवली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “हे वापरून शर्ट हरवतात होय?” मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या डगमगणाऱ्या नव्हत्या. “आपण खिडकीलाच विचारू या!” म्हणत त्यांनी स्वतः टाइप केलं: ग्राहकाचा शर्ट हरवला आहे. खिडकीने चौदा वह्यांचं सार क्षणात काढलं आणि मोठ्या अक्षरांत उत्तर दिलं.

‘घाबरू नका. शर्ट बंद करा, दहा मोजा आणि पुन्हा चालू करा. हे लिहून ठेवा, म्हणजे परत विचारायला नको.’

हसण्याचा जो काही आवाज झाला, त्याने समोरची इस्त्री थांबली. मॅडमनी हेल्पकाकांकडे पाहिलं. त्या नजरेत आता भिंतीवरचं चित्र नव्हतं, संदेश नव्हता. एकोणतीस वर्षांची एक मुलगी होती, आणि तिला काही सुचत नव्हतं.

हेल्पकाका पुढे झाले. गप्प राहिलं असतं तर टाकटीपच्या नावाला काळं फासलं गेलं असतं. खरं बोललं असतं तर आपण आणलेलं वाक्य पोकळ होतं हे साहेबांसमोर उघडं पडलं असतं. साहेब दोनच पावलांवर उभे होते. हेल्पकाकांनी घसा साफ केला, आणि बाहेर आला तो आपोआप फोनवरचा आवाज.

“हा शर्ट टाकटीपने हरवला नाही. यांच्याकडे टाकटीपवर कापड घातलेलं आहे. दोन वर्षं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, ही माझी चूक.” मग ते वहीवाल्यांकडे वळले. “चिठ्ठी कुठल्या महिन्याची आहे बघा. त्या महिन्यात वही बदललीत का?”

वहीवाल्यांनी आठवलं. “बदलली. जुनी भरली होती.”

“शेवटच्या पानावरचे कपडे नव्या वहीत उतरवलेत?”

“...नाही.”

“म्हणून वहीत नाही. पण दुकानात होता. मागच्या दांडीवर. सापडला.” हेल्पकाकांनी विचारायचं म्हणून पुढचा प्रश्न विचारला. “आता एवढं सांगा, टाकटीप बंद का केलंत?”

वहीवाले खालच्या आवाजात म्हणाले, “एकदा अडलं होतं काका. छपाई होईना. तुम्हाला फोन करून विचारलं, तुम्ही नीट समजावलंत आणि म्हणालात, लिहून ठेवा, म्हणजे परत फोन करायला नको. मी लिहून ठेवलं. तो कागद हरवला. पुन्हा तेच अडलं. आता कुठल्या तोंडाने फोन करू? नकोच म्हटलं होतं ना तुम्ही. मग घातलं कापड.”

आपलं सगळ्यात आवडतं वाक्य हेल्पकाकांना डोळ्यांसमोर दिसत होतं, चौदा वह्यांत हजारो वेळा लिहिलेलं, आणि त्या प्रत्येक वाक्यामागे एकेक माणूस, हरवलेला कागद शोधत आणि फोनला हात न लावता. वर दहा फुटी फलकावर मॅडमनी तेच वाक्य लिहिलं होतं. फक्त कमी शब्दांत.

“माझ्याकडेपण कापड आहे,” गर्दीतून एक आवाज आला. “माझ्याकडे चादर,” दुसरा म्हणाला.

पुढची व्यवस्था भराभर झाली. शर्ट उतरवला गेला, समोरच्या गाळ्यावाल्याने तो फुकट इस्त्री करून दिला, आणि विमावाल्यांनी तिथेच, गर्दीसमोर, आठ महिन्यांनी अंगात घातला. तो आता थोडा घट्ट होत होता, पण त्यांनी ते कबूल केलं नाही. बनियनवर राहिलेल्या वहीवाल्यांना मॅडमनी कंपनीचा टी-शर्ट दिला. त्याच्या छातीवर ‘आता कुणाला विचारायला नको’ असं लिहिलं होतं, आणि तो घालून ते संध्याकाळपर्यंत हेल्पकाकांना प्रश्न विचारत होते. त्यांच्या मागे रांग होती. त्या दिवशी एकोणचाळीस जणांनी टाकटीपसाठी नाव नोंदवलं, आणि त्यातल्या छत्तीस जणांनी अर्जाच्या कडेला एकच प्रश्न लिहिला: हा माणूस बरोबर मिळतो का?

साहेब आकड्यांना भुलणारे. सोमवारी मदतीची खिडकी ‘तूर्त’ बंद झाली, करडा फोन होता तिथे राहिला. आणि मॅडम, ज्यांना हरणं माहीत नव्हतं, नवा संदेश घेऊन हेल्पकाकांच्या खुर्चीपाशी आल्या. ‘टाकटीप. अडलं तर हेल्पकाका आहेत.’ फलकावर दहा फुटी हेल्पकाका. फक्त एक सही हवी होती.

“सहीपुरतं आहे, काका.”

“वाचून देतो,” हेल्पकाका म्हणाले.

चारही पानं वाचणारे ते पृथ्वीतलावरचे पहिले गृहस्थ. वकिलानेही बहुधा वाचली नव्हती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की सही करणाऱ्याचं नाव, बोलण्याची ढब आणि उत्तरं कंपनीला ‘माणसाकरवी अथवा यंत्राकरवी’ वापरता येतील. विश्वात सर्वत्र.

“यातलं ‘अथवा यंत्राकरवी’ काढा.”

“ते वकिलाकडे पाठवावं लागेल. सहा आठवडे लागतील.”

“मग सहा आठवडे थांबू.”

मॅडम काही म्हणणार तेवढ्यात फोन वाजला. वहीवाले होते. त्यांनी स्टार्चचे डबे उतरवले होते, कापड काढलं होतं आणि आता पडद्यावर लाल चौकोन आला होता. हेल्पकाकांनी पंधरावी वही उघडली. लाल चौकोनाला घाबरू नका म्हणाले. मग छपाई, मग दांड्यांचे नंबर, मग सहाशे कपडे कसे भरायचे ते. पाऊण तास गेला. मॅडम संमतिपत्र हातात धरून आधी उभ्या राहिल्या, मग टेबलाला टेकल्या, मग शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि ऐकू लागल्या.

“झालं काका, आली चिठ्ठी छापून!” पलीकडून आवाज आला. “थांबा, कागद-पेन घेतो. सगळं लिहून ठेवतो, म्हणजे परत फोन करायला नको.”

“लिहून काही ठेवू नका,” हेल्पकाका म्हणाले. “अडलं की फोन करा. नाही अडलं तरी सोमवारी करा.”